‘माझी शिकण्याची शैलीच वेगळी आहे’: ड्रेसाजच्या रिंगणातल्या एका लाडक्या समजुतीचा प्रतिवाद

घोडेस्वारी शिकणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांत एक मजकूर गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. प्रत्येक स्वाराची शिकण्याची एक उपजत शैली असते. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी अंगाने करून. प्रशिक्षकाने ती आधी ओळखावी आणि पुढचे सारे धडे त्याच शैलीत द्यावेत. ड्रेसाजमधली, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करवून घेण्याच्या क्रीडाप्रकारातली, जर्मन-ऑस्ट्रियन हुकमी पद्धत (प्रशिक्षकाने हुकूम सोडायचा, स्वाराने पाळायचा) सर्वांना एकाच साच्यात घालते, म्हणून ती टाकाऊ. घोड्याच्या चालीची जाण उपजतच असावी लागते. आणि प्रगती अडली, तर शैली जुळत नाही असे समजून प्रशिक्षक बदलावा. मजकूर सद्हेतूने लिहिलेला आहे यात शंका नाही, आणि प्रशिक्षक सतत सूचनांचा मारा करतात या त्यामागच्या तक्रारीत बरेच तथ्यही आहे. परंतु ही विधाने ज्या ठामपणे केली जातात, तितका आधार त्यांना नाही, आणि एक-दोन विधाने तर रिंगणात पाय ठेवताच कोसळतात.

पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे अशी जी चौकडी आज सर्वतोमुखी आहे, ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास रूढ केली. अशा वर्गवाऱ्या एकदोन नाहीत; ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मोजदाद केली तेव्हा शिकण्याच्या शैलींची ७१ प्रारूपे निघाली. माणसाला खरोखरच एक ठरलेली शैली असती, तर ती मांडण्याचे ७१ वेगवेगळे मार्ग कशाला लागले असते, हा प्रश्न निदान मनात यायला हवा. २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी या दाव्याची कसोटी काय असावी हेच आधी स्पष्ट केले. आपल्या भाषेत ती अशी मांडता येईल: पाहून शिकणारे आणि ऐकून शिकणारे म्हणवणारे स्वार घ्या; दोन्ही गटांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून दाखवून शिकवा, उरलेल्या निम्म्यांना सांगून; शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्या. पाहणारे दाखवल्याने आणि ऐकणारे सांगितल्याने अधिक चांगले शिकले, असा गटागणिक उलटा निकाल लागला तरच दावा खरा. या कसोटीवर घासून पाहिलेले अभ्यासच त्यांना फार थोडे सापडले, आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या सरळ विरुद्ध होते. आवडी नसतात असे कोणीच म्हणत नाही. मला स्वतःला व्हिडिओ पाहायला आवडतात. पण आवडीच्या मार्गाने गेले की अधिक शिकले, ही पुढची पायरी कोणी सिद्ध केलेली नाही, आणि तरीही ‘मी व्हिज्युअल आहे’ हे वाक्य आपल्याकडे रक्तगट सांगावा तसे सांगितले जाते.

दुसरे विधान धडे शैलीप्रमाणे वाटून देण्याचे. इथे मतभेद तत्त्वाचा कमी आणि रिंगणातल्या मातीचा जास्त आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

ड्रेसाजचे प्रमाण रिंगण २० बाय ६० मीटरचे असते, कडेने अक्षरे लावलेली असतात, आणि घोड्याने केलेल्या प्रत्येक हालचालीला परीक्षक ० ते १० गुण देतात. आखूड बाजूच्या मध्यावरच्या ‘ए’ या अक्षरापाशी सुरू होणारे २० मीटर व्यासाचे वर्तुळ हा अगदी प्राथमिक धडा. नवशिका स्वार ते एक तर कोपऱ्यांत शिरून चौकोनी करतो, नाही तर घोड्याबरोबर वाहवत जाऊन अंड्यासारखे करतो. त्याला ‘गोल कर, गोल कर’ असे शंभरदा ओरडून काहीही होत नाही. हे वर्तुळ लांब बाजूंना कोपऱ्यापासून बरोबर १० मीटरवर, म्हणजे ‘के’ आणि ‘एफ’ यांच्या ४ मीटर पुढे, टेकते. आणि मध्यरेषा ‘ए’पासून २० मीटरवर, म्हणजे ‘व्ही’ आणि ‘पी’ यांना जोडणाऱ्या रेषेच्या २ मीटर पलीकडे, ओलांडते. ‘ए’ धरून या चार ठिकाणी शंकू मांडावेत, स्वाराला घोड्यावरून उतरवून एकदा पायी फिरवावे, मग पुन्हा जीनवर बसवून प्रत्येक शंकूपाशी पोचण्यापूर्वीच नजर पुढच्या शंकूवर न्यायला सांगावी. अंडे बहुधा त्याच दिवशी गोल व्हायला लागते. स्वतःला ऐकून शिकणारा म्हणवणाऱ्या स्वाराचेही होते, कारण भूमिती डोळ्यांनीच कळते. ती कानाने सांगण्याचा हट्ट हा त्याच्यावर उपकार नसून अन्याय आहे.

आता हाफ-हॉल्ट घ्या. घोड्याला थांबवता थांबवता न थांबवणे, मांड, पाय आणि बाहेरचा (वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूचा) लगाम क्षणभर एकत्र आणून त्याचा भार मागच्या पायांवर नेणे आणि लगेच सैल होणे, असे त्याचे वर्णन करता येईल. ही गोष्ट दाखवून शिकवायची म्हटली तर मोठीच पंचाईत होते, कारण हाफ-हॉल्ट जितका उत्तम तितका तो बाहेरून अदृश्य. ग्रां प्रीच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या, स्वाराचा व्हिडिओ पाहून ‘व्हिज्युअल’ विद्यार्थ्याला घोडा बदललेला दिसतो. स्वाराने काय केले ते दिसतच नाही, कारण दिसू नये यासाठीच त्या स्वाराने उभे आयुष्य घातलेले असते.

तिसरे उदाहरण अंगाने शिकणाऱ्यांसाठी. वर्षानुवर्षे एका कुशीवर कलून बसणाऱ्या स्वाराला सरळ बसवले, की त्याला आपण दुसऱ्या बाजूला पडतो आहोत असेच वाटते. शरीराची साक्ष इथे चक्क खोटी असते, आणि आरसा, व्हिडिओ किंवा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे यांशिवाय ती खोटी आहे हे कळत नाही. म्हणजे साधन ठरते ते शिकण्याच्या विषयावरून. एकाच तासात एकाच विद्यार्थ्याला दाखवावे लागते, सांगावे लागते आणि करवूनही घ्यावे लागते, आणि कोणताही बरा उस्ताद ते शैलीचा तक्ता न भरता करत आलेला आहे.

हुकमी पद्धतीवरच्या आक्षेपात मुळात दोन गोष्टींची गल्लत आहे. शिकवण्याच्या पद्धती ही एक बाब आणि शिकणाऱ्याच्या कथित शैली ही दुसरी. शिकवण्याच्या पद्धती अनेक आहेत हे शारीरिक शिक्षणात मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्येच पद्धतशीर मांडले: एका टोकाला हुकूम, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढणे, मध्ये बऱ्याच पायऱ्या. त्या मांडणीतून पुढे रुजलेली भूमिका अशी, की यातली कोणतीच पद्धत दुसरीची शत्रू नाही. काम पाहून निवड करायची. ड्रेसाजमध्ये हुकूम आला तो घोडदळातून, हे खरे. १९१२ ची जर्मन घोडदळाची स्वारी-नियमावली आणि तिची १९३७ ची सुधारित आवृत्ती यांचा ठसा आजच्या जर्मन शिक्षणावर स्पष्ट आहे. पण हुकूम टिकला तो केवळ लष्करी सवयीने नव्हे. घोडा चालत असतो. मागचा आतला पाय जमिनीवरून उचलला जातो तो क्षण पकडून टाचेचा इशारा दिला तरच तो पाय अधिक आत येतो. पाय टेकल्यावर दिलेला इशारा फुकट. अशा वेळी ‘तुला काय वाटते, आता काय करावे?’ असे विचारत बसणाऱ्या प्रशिक्षकाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत घोडा कोपरा ओलांडून गेलेला असतो. तिथे ‘आता’ हा एकच शब्द लागतो. प्रश्न विचारायचे ते घोडा लांब लगामावर विसावा घेत चालत असताना, आणि ते अवश्य विचारावेत.

त्या तक्रारीतले तथ्य मात्र इथेच आहे. अखंड बोलणारे प्रशिक्षक खरेच असतात. मी ज्यांच्याकडे सुरुवातीला शिकले ते गृहस्थ मनाने फार चांगले, पण तासभर त्यांचा ‘टाच खाली, नजर वर, हात स्थिर’ हा जप थांबत नसे. पहिल्या स्पर्धेत मी ‘ए’पासून मध्यरेषेवरून सरळ आत गेले, रिंगणाच्या मधोमध ‘एक्स’वर थांबून सलामी दिली, आणि मग त्या शांततेत मला काहीच सुचेना. समोरच्या टोकाला ‘सी’पाशी डावीकडे वळायचे होते, मी उजवीकडे वळले, आणि परीक्षकांची घंटा वाजली. यात माझ्या शैलीचा काही संबंध नव्हता. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते की सतत मिळणाऱ्या सूचनांनी सरावाच्या वेळी कामगिरी सुधारलेली दिसते, पण सूचना बंद झाल्या की शिकलेले टिकत नाही, कारण शिकणारा त्या कुबडीवरच उभा असतो. ड्रेसाजमध्ये ही कुबडी विशेष घातक, कारण स्पर्धेत बाहेरून मदत घेतल्यास स्वार बाद होऊ शकतो, आणि आंतरराष्ट्रीय चाचण्या पाठ करूनच द्याव्या लागतात. या दुखण्यावर औषध आहे ते कमी आणि वेळेवर बोलण्याचे. विद्यार्थ्याला ‘ऐकून शिकणारा नाही’ असा शिक्का मारण्याचे नाही. बोलायचे ते कशाविषयी, यालाही महत्त्व आहे. गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८ मध्ये स्कीच्या सराव-यंत्रावर केलेल्या प्रयोगांत, स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या चाकांवर होणाऱ्या परिणामाकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. प्रयोग घोड्यावरचा नाही, हे मान्य. तरी ‘टाच खाली’पेक्षा ‘रिकिबीला तुझे वजन जाणवू दे’ हे वाक्य अधिक काम करते, असा माझा आणि अनेक शिकवणाऱ्यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

आता उपजत जाणेविषयी. हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते विद्यार्थ्याला धीर देत असल्याचा आव आणून त्याच्या तोंडावर दार लावते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचा उल्लेख १५६५ पासून सापडतो, आणि तिथली शास्त्रीय अश्वविद्या २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्या शाळेची सारी रीत जाण शिकवता येते या गृहीतावर उभी आहे. नवा शिकाऊ स्वार कित्येक महिने रिकिबीविना, लगामाविना, दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसतो. (घोड्याला असे फिरवण्याला मराठीत ‘कावा देणे’ म्हणत, आता तो शब्द फक्त गनिमी काव्यात उरला आहे.) तयार घोडा नव्या स्वाराला शिकवतो आणि तयार स्वार नव्या घोड्याला, हा तिथला क्रम. यात पाहणे, ऐकणे, करणे असे कप्पे पाडायला गेलो तर हाती काही लागत नाही.

हेच लहान प्रमाणावर कोणत्याही तबेल्यात करता येते. स्वार दोरीवरच्या घोड्यावर बसलेला, घोडा संथ पावलांनी चालणारा, स्वाराचे डोळे मिटलेले. प्रशिक्षक घोड्याचा डावा मागचा पाय उचलला जाताना दर वेळी ‘आता’ म्हणतो. त्या क्षणी घोड्याचे पोट उजवीकडे झुलते आणि स्वाराचा डावा बसका (ज्यावर आपण बसतो ते हाड) किंचित खाली जातो. पण हे आधी सांगायचे नाही. पंधरा-वीस पावलांनंतर प्रशिक्षक गप्प होतो आणि ‘आता’ म्हणण्याचे काम स्वाराकडे येते. सुरुवातीचे ‘आता’ उशिरा पडतात, मधले घाईने, आणि मग एकाएकी ते पावलाला चिकटतात. माझ्याकडची एक शाळकरी मुलगी, जिला आधी कोणीतरी ‘तुझ्यात फील नाही’ असे सांगून मोकळे झाले होते, तिसऱ्या दिवशी दुडकी चालीतही पाय ओळखू लागली. कान, शब्द आणि अंग या तिन्हींचा त्यात वाटा होता, आणि कोणता किती हे तिलाही सांगता आले नसते.

प्रशिक्षक बदलण्याच्या सल्ल्यावर फार लिहिण्यासारखे नाही. प्रगती अडण्याची खरी कारणे बहुधा रुक्ष असतात: आठवड्यातून एकदाच स्वारी, न बसणारे जीन, पाठ दुखणारा घोडा, मनातली पडण्याची भीती. शिवाय त्या मजकुरात घोड्याची गणतीच नाही, आणि शिकणारे तर रिंगणात दोघे असतात. घोडा दाब नेमका केव्हा सुटतो त्यावरून शिकतो. स्वाराची आवडती शैली कोणती याच्याशी त्याला देणेघेणे नाही, आणि दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या इशाऱ्यांनी तो फक्त गोंधळतो. कोलकात्याचा अनुष अगरवाला किशोरवयात जर्मनीला गेला आणि अथेन्स २००४ च्या सांघिक सुवर्णाचे मानकरी हुबर्टुस श्मिट यांच्याकडे वर्षानुवर्षे टिकून राहिला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा, इंदूरची सुदिप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह यांच्यासह त्याने सांघिक सुवर्ण मिळवले, वैयक्तिक कांस्यही मिळवले, आणि पॅरिस २०२४ मध्ये ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही. पण सतत बदलाचा सल्ला देणाऱ्यांनी याचेही उत्तर द्यावे. प्रशिक्षक घोड्याशी किंवा माणसाशी क्रूरपणे वागत असेल तर त्याला त्याच दिवशी सोडावे, आणि त्यासाठी शैलीचे निमित्त शोधण्याची गरज नाही.

माणसामाणसांत फरक नसतात, असे मात्र यातून कोणी समजू नये. भीती, वय, आधीचे पडणे, शरीराची ठेवण, एका वेळी किती सूचना झेपतात, हे सारे फरक खरे आहेत आणि त्यांप्रमाणे धडा बदललाच पाहिजे. गरज आणि शैली यांतला फरक पाहायचा असेल तर पॅरा-ड्रेसाज, म्हणजे अपंग स्वारांचे ड्रेसाज, पाहावे. १९९६ पासून ते पॅरालिंपिकमध्ये आहे. दृष्टिहीन स्वार रिंगणात असतो तेव्हा अक्षरांपाशी माणसे उभी राहतात आणि आपापले अक्षर हाकारतात. त्या हाकांच्या दिशेने तो स्वार घोडा नेतो, आणि त्याच्या वर्तुळालाही परीक्षक त्याच ० ते १० मधले गुण देतात.