गुण येईल का, हे सांगायला आधी काय लिहून ठेवायचं?

मुंबईतल्या मित्रांशी फोनवर सध्या एकाच विषयावर वाद होतो. विशीतल्या मुलाला भास होऊ लागले, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटू लागलं, तर त्याला कोणतं औषध लागू पडेल हे एआयने आधीच सांगायला हवं, असं एकांचं म्हणणं. ही श्रीमंत देशांची चैन आहे, आधी डॉक्टर तरी द्या, असं दुसऱ्यांचं. मी बर्मिंगहॅममध्ये अशाच तरुणांवर उपचार करणाऱ्या टीममध्ये काम करते आणि मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

एआयचं आधी बघू. जानेवारी २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. असे भास आणि संशय ज्यात होतात त्या स्किझोफ्रेनिया या आजाराच्या औषधांच्या पाच आंतरराष्ट्रीय चाचण्यांची माहिती संगणकाला शिकवली होती. ज्या चाचणीवर तो शिकला, तिथल्या रुग्णांबद्दल त्याचे अंदाज छान जुळले. दुसऱ्या चाचणीतले रुग्ण समोर ठेवले, तर ते निव्वळ अंदाजपंचे ठरले. एका चाचणीतलं शहाणपण दुसरीत टिकत नसेल, तर ते परळच्या ओपीडीत टिकेल असं कशावरून मानायचं?

पण म्हणून अंदाज बांधणंच सोडून द्यायचं का? मुळीच नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत किती काळ गेला, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६पासून नियम आहे की असा रुग्ण आमच्यासारख्या टीमकडे पाठवल्यापासून दोन आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत तो पाळला जावा, अशी सुरुवातीची अपेक्षा होती. आपल्याकडे ‘बाहेरचं झालंय’ म्हणून उतारे, अंगारे आणि देवस्थानं यात महिने निघून जातात आणि किती गेले हे केस पेपरवर येतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन आठवड्यांनी पुन्हा बघणं. तोवर जराही फरक नसेल, तर त्याच औषधाने पुढे पुरेसा गुण येण्याची शक्यता कमी होते. हा नियम मुख्यतः जुन्या रुग्णांवरून निघालाय. आजार पहिल्यांदाच उफाळलेल्यांपैकी काहींना आठ आठवड्यांनंतरही गुण येतो, त्यामुळे घाईने हात टेकायचे नाहीत. गोळ्या खरंच घेतल्या जातायत का, हे मात्र तेव्हाच विचारायचं. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नेहमीची औषधं पुरत नाहीत. दोन औषधं योग्य डोसमध्ये, पुरेसा काळ देऊन झाली की क्लोझापिनचा, म्हणजे इतर औषधं पुरत नाहीत तेव्हा द्यायच्या औषधाचा, विचार व्हायला हवा. तो उशिरा होतो, आणि तो फक्त मुंबईतच उशिरा होतो असं नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात हा उशीर सरासरी चार वर्षांच्या घरात निघाला होता. नियमित रक्त तपासायचं म्हणून टाळाटाळ होते आणि तेवढ्यात मुलाचं कॉलेज सुटतं, मित्र तुटतात. याचा मला राग येतो.

एका गोष्टीत मात्र आपण पुढे आहोत. चेन्नई आणि मॉन्ट्रियलमधल्या, आजार पहिल्यांदाच उफाळलेल्या रुग्णांची तुलना झाली. दोन वर्षांनी, उत्साह आणि बोलणं आटण्यासारखी लक्षणं चेन्नईत अधिक सुधारलेली होती आणि तिथे कुटुंबं उपचारात जास्त गुंतलेली होती. इथे माझे कित्येक रुग्ण एका खोलीत एकटे राहतात. मुंबईत मुलाला लोकलने ओपीडीत आणणारी आई असते, आणि तिला मात्र बाहेर बाकावर बसवलं जातं.

म्हणून मला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडून एवढंच हवंय: लक्षणं कधी सुरू झाली, सोबत कोण येतं, दोन आणि सहा आठवड्यांनी लक्षणं किती तीव्र आहेत याचे मोजून दिलेले गुण किती, गोळ्या चुकल्या का, हे प्रत्येक केस पेपरवर लिहिलं जावं. त्यासाठी मानसोपचार विभागात जास्तीचे समाजसेवक नेमावेत. अशी पाच वर्षांची नोंद जमली, की संगणकाला शिकवायला मुंबईचीच माणसं असतील. तोवर कुणी मेंदूच्या स्कॅनवरून औषध निवडून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर ते देऊ नका. डॉक्टरांना पुढची तारीख विचारा आणि आईला आत घेऊन जा.