पाखरं बघायला पगार किती?

रविवारी पहाटे पाचला उठून, स्कूटरवर बोटं गारठवत मी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर गेलो ते पट्टकदंब हंस बघायला, आणि बघून आलो परक्या भावकीचा बांध. आज बुधवार. राग अजून उतरलेला नाही.

तसा मी अंगणापुरता पक्षिनिरीक्षक. दारात शेवगा आहे, त्याच्या फुलांवर शिंजीर येतो. थंडीची चाहूल लागली की थिरथिरा येतो, कपडे वाळत घालायच्या तारेवर बसून शेपूट थरथरवतो आणि मार्चपर्यंत बिनभाड्याचा राहतो. तेवढ्यावर माझं भागत होतं. पण माझे साडू दापोलीला असतात. हिवाळाभर रोज सकाळी त्यांचा हर्णै बंदरावरून फोटो येतो: मासळीच्या लिलावावर घिरट्या घालणारे कुरव, म्हणजे समुद्रपक्षी. खाली ओळ, "तुमच्याकडे काय, ज्वारी नि धूळ!" जसा काही समुद्र यांच्या आजोबांनी खणला. कुरव आमच्या उजनीलाही येतात. मी तपकिरी डोक्याच्या कुरवाचा फोटो पुरावा म्हणून धाडला, तर म्हणाले, "तपकिरी डोक्याचा म्हणता, डोकं तर पांढरं आहे." अहो, हिवाळ्यात ते पांढरंच असतं, डोळ्यामागे तेवढा एक काळा ठिपका. तपकिरी डोकं तो विणीच्या हंगामासाठी राखून ठेवतो, आणि वीण इथे करत नाही. हे सगळं मी मन लावून टाइप केलं. उत्तरादाखल एक अंगठा आला.

म्हणून पट्टकदंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. साडूंच्या बंदरावर हा कुठला मिळायला! शिवाय साडेनऊ हजारांची नवी दुर्बीण घरात होती आणि तिचा हिशेब बायको अधूनमधून विचारत होती.

आदिला नदी अडवून इंग्रजांनी बांधलेला हा तलाव. काठावर पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती. पलीकडच्या उथळ पाण्यात करड्या रंगाचे पंचवीसेक ठिपके. दुर्बीण डोळ्याला लावली, चाक फिरवलं, पहिला पट्टा दिसतोय न दिसतोय तोच मागून आवाज आला.

"मोजणीला आलाव का साहेब?"

धोतर, डोक्याला मफलर, गळ्यात तुळशीची माळ, हातात बाभळीची काठी, सोबत चार शेळ्या. मी म्हटलं, "नाही मामा, पक्षी बघतोय."

"व्हय व्हय," मामा म्हणाले. म्हणजे विश्वास बसला नव्हता. सुरत-चेन्नई महामार्गाचं निघाल्यापासून दुर्बीणवाला माणूस दिसला की शेतकऱ्याला मोबदल्याचा दरच आठवत असणार. "गट नंबर सांगू का? एकरी काय बसवलालाव?"

"मामा, खरंच पाखरं."

"पाखरं बघायला पगार किती?"

"पगार नाही. आपल्या खर्चानं."

मामांनी माझ्याकडे, मग स्कूटरकडे, मग शेळ्यांकडे बघितलं. या तिघांत जास्त शहाणं कोण, ते ठरवत असावेत. "मग आमच्या रानातल्या भोरड्या घेऊन जावा की. हुरड्यात आलेली जवारी सगळी खाऊन चालल्यात. गोफण मारून खांदा गेला माझा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या सोलापुरात पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली जन्मले, ज्यांच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, सरकार पक्षी सप्ताह पाळतं, त्या गावात तलावाकाठी उभ्या माणसाला मोजणीवाला ठरवतात, हे मात्र लागलं. विषय बदलावा म्हणून जवळच पोहणारा काळा पक्षी दाखवला. "हा बघा वारकरी. कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखं पांढरं आहे ना, म्हणून."

"माळ कुठंय?" मामांनी विचारलं.

इथेच थांबायचं होतं. पण मी भिडेखातर दुर्बीण त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मिनिटभर बघतील. त्यांनी आधी ती उलटी धरली, मग सुलटी. हंसांवरून झरझर पुढे गेले, पलीकडच्या काठावर चढले आणि एका जागी थिजले.

"आयला."

"दिसले का हंस?"

"कसले हंस! बांध कोरलाय त्यानं!"

चुलतभावानं. नांगर आत घालून. मामांनी हात लांब करून दाखवलं, हितनं हितवर, दोन फूट. ती बाभळ आधी बांधावर होती, आता तिच्या मुळ्या उघड्यावर आल्यात. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या वडलांनी त्याच्या वडलांना दोन पोती जवारी दिली होती, ती अजून आली नाही, हेही ओघात कळलं. हे सगळं ते दुर्बीण न काढता बोलत होते. मी दोनदा हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात शेळीची दोरी दिली.

वीस मिनिटं. मधेच पाण्यावर गलका झाला. हंस उठले, आमच्या डोक्यावरून ओरडत गेले. मी मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं: पंचवीस पोटं. पट्टे डोक्याच्या मागच्या बाजूला असतात, खालून दिसत नाहीत. शेळी तेवढ्यात माझ्या पिशवीतली कडक भाकरी खात होती.

"फोटो काढा की साहेब," मामा म्हणाले. "तुमच्याकडं यंत्र हाय."

काढला. बाभळीचा, मुळ्यांसकट. नंबर दिला, कारण तोवर मी दिलं नसतं असं काही उरलं नव्हतं.

साडूंचा फोटो रविवारी दुपारी आला, चाळीस कुरवांचा. मी मामांची बाभळ पाठवली. त्यांनी विचारलं, यात पक्षी कुठे आहे.

आज सकाळी मामांचा फोन. "साहेब, परवा तलाठी येतोय. तुम्ही या, तुम्ही बघितलंय की डोळ्यानं. आणि ते यंत्र घेऊन यायला इसरू नका."