‘बहुमत आहे म्हणजे कायदा झालाच’ हे खरं नाही

एक मेसेज सध्या गटागटांत फिरतोय: “लोकसभेत बहुमत असलं की कायदा झालाच. राज्यसभा नावाला, राष्ट्रपती सहीपुरते. विधेयक आल्यावर आपल्या हातात काही उरत नाही.” आपली संसद अशी चालत नाही.

“राज्यसभा नावाला.” १९८९ साल आठवा. राजीव गांधींच्या पक्षाचे लोकसभेत ४०० हून अधिक खासदार होते. पंचायतराजला घटनेत स्थान देणारं ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत पडलं. घटनादुरुस्तीला लागणारी दोन-तृतीयांश मतं जमली नाहीत. राज्यांना डावलून केंद्र थेट गावात हात घालतंय, हा मुख्य आक्षेप होता. पुढे राज्यांना जास्त मोकळीक देणारी ७३ वी दुरुस्ती आली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतींत महिलांसाठी किमान एक-तृतीयांश जागा घटनेत आल्या त्या हिच्यामुळे. मला तर तो पराभव संसदेच्या चांगल्या दिवसांपैकी एक वाटतो.

मतभेद झाला तर दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावता येतेच की, असं कुणी म्हणेल. साध्या विधेयकासाठी येते, घटनादुरुस्तीसाठी नाही. आजवर ती तीनदाच वापरली गेली: १९६१ ला हुंडाबंदीसाठी, १९७८ ला बँकिंग सेवा आयोग रद्द करताना, २००२ ला ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. धन विधेयकापुरती (म्हणजे कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या विधेयकापुरती) मात्र राज्यसभा खरोखरच दुबळी आहे. ते तिने चौदा दिवसांत परत पाठवायचं, शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते.

“राष्ट्रपती सहीपुरते.” १९८६ मध्ये लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही. ते तिथेच अडलं.

“आपल्या हातात काही नाही” हे वाक्य सगळ्यांत घातक, कारण ते माणसाला घरी बसवतं. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेलं महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा १२,००० हून अधिक सूचना आल्या. समितीने मसुद्यात बदल सुचवले, मग जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. विरोध संपला नाही, पण मूळ मसुदा जसाच्या तसाही राहिला नाही.

मेसेजमागचा राग मात्र मला समजतो. २९ नोव्हेंबर २०२१ ला कृषी कायदे रद्द करणारं विधेयक एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. मागणी शेतकऱ्यांचीच होती, तरी चर्चा व्हायलाच हवी होती.