गर्टी कोरीच्या माहेरच्यांना पुसून टाकू नका

माझी भाची यंदा नीटची तयारी करते आहे. परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या काकांनी एक मेसेज टाकला आणि खाली तिला उद्देशून लिहिलं, "बघ, हिला तर कोणाचाच आधार नव्हता." मेसेजचा सारांश असा: गर्टी कोरी ही गरीब, अडाणी ज्यू आईबापांची मुलगी. हिटलरच्या तावडीतून सुटून अमेरिकेत आली, प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन रात्री शिकली, डॉक्टर झाली. अमेरिकेने बाई-पुरुष भेद न करता संधी दिली आणि ती नोबेल मिळवणारी जगातली पहिली स्त्री ठरली.

यातलं बहुतेक चुकीचं आहे. आधी हिटलर. गर्टी अमेरिकेला गेली १९२२ साली आणि हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये. पण ज्यूद्वेष त्याच्याही आधीचा होता, एवढं मान्य करावं लागेल. तिचा नवरा कार्ल कॅथलिक, तरी ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या विद्यापीठात त्याला आपण 'आर्य', म्हणजे ज्यू नसल्याचं सिद्ध करावं लागलं. लग्नासाठी गर्टीने धर्म बदलला होता, तरीही सासरच्यांना तिच्या ज्यू असण्याची धास्ती होती. त्यात पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात खायचे वांधे. अपुऱ्या आहाराने तिच्या डोळ्यांना विकार झाला. दोघं निघाली ती या सगळ्याला कंटाळून.

बाटल्या धुण्याचं तर सपशेल खोटं आहे. नोबेल पुरस्काराच्या संकेतस्थळावर तिचं छोटं चरित्र आहे, दोन मिनिटांत वाचून होतं. प्रागच्या जर्मन विद्यापीठातून ती १९२० मध्येच डॉक्टर झाली होती. त्यानंतर दोन वर्षं मुलांच्या रुग्णालयात काम केलं, आणि मग अमेरिकेची बोट धरली.

मला खरा संताप येतो तो 'अडाणी आईबाप, कोणाचाच आधार नाही' याचा. वडील ओटो राडनिट्झ हे रसायनतज्ज्ञ. साखर शुद्ध करण्याची एक पद्धत त्यांनी शोधली होती आणि ते साखर कारखान्यांचे व्यवस्थापक होते. अशा माणसाचं घर कसं असतं, हे कोल्हापूर-सांगलीकडच्यांना वेगळं सांगायला नको. गर्टीला आधी घरीच शिकवलं, मग १९०६ मध्ये मुलींच्या शाळेत घातलं. डॉक्टर हो, असं सुचवलं तिच्या मामा-काकांपैकी एकाने. तो स्वतः बालरोगतज्ज्ञ होता. अडचण अशी की मुलींच्या शाळेतलं लॅटिन, गणित, विज्ञान विद्यापीठाला पुरेसं नव्हतं. शाळा संपली १९१२ ला, प्रवेश परीक्षा ती टेट्शेन गावच्या शाळेत पास झाली १९१४ ला. मधली दोन वर्षं ती अभ्यास करत होती, आणि त्या काळात मुलीला अभ्यास करू देणारं घर तिच्या मागे होतं. बुद्धी आणि मेहनत तिचीच, त्यात वाद नाही. पण त्या घराला खोडून टाकून अठरा वर्षांच्या पोरीला 'बघ, ती एकटीने करते' म्हणणं हा अन्याय आहे. तिने क्लास मागितला, एक वर्ष आणखी मागितलं, रात्री अभ्यासाला वेगळी खोली मागितली, तर ते लाड ठरतात. आणि मोठी माणसं आपल्या जबाबदारीतून मोकळी होतात.

आता अमेरिकेतली समान संधी. कार्लला बोलावणारी विद्यापीठं गर्टीला घ्यायला तयार नव्हती. बायकोबरोबर काम करणं अमेरिकन रीतीला धरून नाही, असंही ऐकवलं गेलं. १९३१ मध्ये दोघं सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेली. तो विभागप्रमुख आणि ती संशोधन सहायक, त्याच्या पगाराच्या एक दशांशावर. शरीर साखर कशी साठवतं आणि कशी मोडतं, हे दोघं एकाच टेबलावर शोधत होती. तिला प्राध्यापकपद मिळालं १९४७ मध्ये, म्हणजे नोबेलच्याच वर्षी.

राहिलं 'पहिली स्त्री'. मेरी क्युरींना नोबेल १९०३ लाच मिळालं होतं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री मात्र गर्टीच. तो पुरस्कार कार्ल आणि अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय यांच्यासोबत विभागून होता.