दुपारी दोन वाजता उगवणारा सूर्य

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरात आणणाऱ्या माणसावर जी अनेक पदे आपोआप येऊन पडतात, त्यांत सूर्याचे पद सर्वांत तापदायक आहे. समुद्राचे काम त्या मानाने सोपे. मीठ मोजून विरघळवावे, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की हात पुसून मोकळे व्हावे. सूर्याला, म्हणजे टाकीवरच्या दिव्याला, मात्र वेळापत्रक लागते.

हे वेळापत्रक मोबाइलवरच्या एका आलेखात भरायचे असते. आडवे तास, उभे तेजाचे टक्के, आणि मध्ये निळ्या व पांढऱ्या प्रकाशाच्या रेषांवरचे बारीक ठिपके, जे माझ्या बोटाखाली पार दिसेनासे होतात. सकाळचा निळा ठिपका जरा वर न्यावा तर पांढराही त्याच्या सोबतीला निघतो आणि पहाटेच भर दुपार होते. निळ्या रंगाचे एवढे लाड करण्याला कारण आहे. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर पोहोचतो, आणि प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याच्यावर अन्न तयार करतात.

अडचण एवढीच की माझ्याकडे प्रवाळ नाहीत. मासेही नाहीत. टाकीत खडक आहेत, वाळू आहे आणि अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू आहेत, ज्यांचे काम मिट्ट काळोखातही उत्तम चालते. म्हणजे शास्त्राप्रमाणे तूर्त सर्वोत्तम वेळापत्रक दिवा न लावण्याचे आहे. नव्या टाकीत जास्त उजेड दिला, तर वाळूवर आधी डायटम या सूक्ष्म शैवालांचा तपकिरी थर आणि मग हिरवे केसाळ शेवाळ, एवढेच पीक येते. पत्नीने हे सगळे न वाचताच विचारले, ‘‘अहो, दगडांना उजेडाची एवढी कसली घाई?’’ बाजारात तुरी म्हणतात, तशातली ही गत आहे. पण भांडण मात्र खरेखुरे होते, कारण दिवा बैठकीच्या खोलीत लागतो.

खरा पेच वेळेचा. विषुववृत्ताजवळ दिवस सुमारे बारा तासांचा असला, तरी सकाळ-संध्याकाळचे तिरपे किरण पाण्यात फारसे उतरत नाहीत. म्हणून टाकीला आठ-दहा तास पुरेसे धरतात. आता हा सूर्य सहा वाजता उगवला तर चारलाच मावळणार आणि मालक सातला घरी येऊन अंधाराकडे बघत बसणार. माशांना घड्याळाशी देणेघेणे नसते, त्यांना रोजचा नेम हवा असतो. तेव्हा आमचा सूर्य दुपारी दोनला उगवेल आणि रात्री अकराला मावळेल असे ठरले. ही सोय माशांची आहे असे मी पाहुण्यांना सांगतो.

शिवाय एकदम लख्ख उजेड पडला की मासे दचकून खडकांत दडतात, म्हणून अर्धा तास संथ पहाट हवी. ज्या गृहस्थाला रोज गजराची घंटा कानठळ्या बसवून उठवते, त्याने अजून विकत न घेतलेल्या माशासाठी टक्क्या-टक्क्याने उजाडण्याची व्यवस्था करावी, हा औदार्याचा कळसच म्हणायला हवा. साध्या टायमरवर हे चोचले नसतात. त्याच्या चकतीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ दात असतात, दाबला की दिवस, उचलला की रात्र. फक्त वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि सूर्योदय तेवढा पुढे सरकतो.

सर्व जाणकारांचा एक सल्ला मात्र सारखा असतो: एकदा ठरवले की हात लावू नका. पुढे प्रवाळ आल्यावरही तेज आठवड्या-आठवड्याने, बेताबेताने वाढवायचे. एकदम वाढवले तर ते आपल्यातली शैवाले बाहेर टाकून पांढरे पडतात. सल्ला बिनतोड आहे. पण रिकाम्या टाकीच्या मालकाला वेळापत्रक बदलण्याखेरीज दुसरा उद्योग तरी कोणता असतो? त्यातच आलेखाच्या तळाशी चंद्रकला दाखवण्याचेही बटण आहे.

तूर्त मात्र नऊऐवजी सहा तासांचा, वीस टक्के तेजाचा, निळसर दिवस मंजूर झाला आहे. पौर्णिमेचा प्रस्ताव पहिला मासा येईपर्यंत घरातून स्थगित ठेवण्यात आला आहे.