साथ ओसरली म्हणजे जंतू गेला, असं नाही

पाऊस सुरू झाला की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू माणसाच्या आतड्याबाहेर काही तासच जगतो, त्यामुळे साथ ओसरली की पाणी आपोआप शुद्ध होतं. लॅबचा रिपोर्ट चांगला असेल तर बिनघोर प्या. खाऱ्या पाण्यात हा जंतू राहूच शकत नाही. पुन्हा साथ आली तर ती बाहेरच्या माणसांनी आणलेली असते. आणि पाणी फडक्याने गाळणं ही आजीबाईंची समजूत आहे, जंतू कापडातून आरपार जातात.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा मेसेज वाचून विहिरीचं पाणी तसंच पिणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, म्हणून हे लिहायला बसले. फडक्याचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्याकडे शेवटी येते.

आधी ‘आतड्याबाहेर मरतो’ हे घेऊ. खरं आहे ते बरोबर उलट. व्हिब्रिओ कॉलरी, म्हणजे पटकीचा हा जंतू, मुळात पाण्यातलाच जीव आहे. आपलं आतडं म्हणजे त्याचा चार दिवसांचा मुक्काम, घर त्याचं पाण्यात. १९७०च्या दशकात अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात हा जंतू सापडला, तेव्हा तिथे कॉलऱ्याची साथ नव्हती. रोगी नाहीत तिथे जंतू कसा, हे अनेकांच्या पचनीच पडेना. उत्तराचा मोठा भाग पुढे बांगलादेशात मिळाला. अन्वर हक, कोलवेल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हा जंतू कोपेपॉड नावाच्या पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतो.

कोपेपॉड बघायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तळ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि उजेडाकडे धरा. झटके देत पोहणारे बारीक पांढरे ठिपके दिसतात, त्यांत कोपेपॉड हमखास असतात. भिंगाखाली धरलात तर डोक्याच्या मधोमध एकच डोळा आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. हाच सायक्लॉप्स. त्याचं कवच कायटिनचं, म्हणजे झिंग्या-खेकड्यांच्या कवचात असतो त्याच पदार्थाचं, असतं आणि पटकीच्या जंतूला कायटिन पचवता येतं. तो कवचाला चिकटतो, तोंडाशी आणि अंड्यांच्या पिशव्यांवर तर दाटीने. एका कोपेपॉडवर हजारो जंतू असू शकतात. राहायची सोय तीच आणि जेवणाचीही तीच. पाणी तापलं, त्यात खत-मैला उतरला की डोळ्यांना न दिसणारं शेवाळ फोफावतं, त्यावर पोसणारे कोपेपॉड वाढतात आणि त्यांच्या पाठीवर जंतूही वाढतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी पटकी वर्षातून दोनदा डोकं वर काढते, एकदा पावसाआधी आणि एकदा पूर ओसरल्यावर. त्यामागे हा क्रम मोठ्या प्रमाणात आहे. साथ ओसरते त्यालाही पाण्यातलंच एक कारण आहे. ढाक्यातल्या पाहणीत २००५ मध्ये दिसलं की साथ भरात आली की या जंतूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, पाण्यात वाढतात आणि जंतूंची संख्या पाडतात. संख्या पडते, वंश उरतो.

रिपोर्टच्या मुद्द्यात दोन चुका आहेत. आपल्या गावच्या विहिरीचा नमुना एरवी तपासायला जातो तो मैल्यातल्या कोलिफॉर्म जंतूंसाठी. ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आला तर त्या नमुन्यात मैल्याची खूण सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पटकीचा जंतू तिथे कुणी शोधलेलाच नसतो. दुसरी चूक जास्त अवघड आहे. थंडीत किंवा अन्न तुटल्यावर हा जंतू आक्रसून गोल होतो आणि एक प्रकारे झोपी जातो. जिवंत असतो, पण प्रयोगशाळेतल्या थाळीवर वाढत नाही. १९८२ मध्ये शू, कोलवेल आणि सहकाऱ्यांनी ही अवस्था मांडली. बांगलादेशातल्या पाण्यात थाळीवर क्वचितच उगवणारा हा जंतू चमकणाऱ्या अँटीबॉडीची चाचणी लावल्यावर निम्म्याहून जास्त नमुन्यांत सापडला होता. थाळी कोरी राहिली म्हणून पाणी कोरं आहे असं म्हणता येत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगते.

खाऱ्या पाण्याबद्दल फार लिहायला नको. या जंतूला मीठ लागतं. खाडीचं मचूळ पाणी त्याला सगळ्यात मानवतं. गोड्या पाण्यातही तो तगतो, ऊब आणि अन्न असलं की झालं.

‘बाहेरची माणसं आणतात’ यात मात्र तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. कॅरिबियनमधल्या हैती या देशात शतकभर पटकीची नोंद नव्हती. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचा मैला आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात उतरला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. जंतू नेपाळमधल्या जंतूशी जुळला. निसर्गात सापडणाऱ्या बहुतेक व्हिब्रिओंकडे जुलाब घडवणाऱ्या विषाची जनुकंच नसतात, म्हणजे प्रत्येक तळं पटकीचं आगर नसतं. हे विष कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांच्या आतड्यांवर दाखवून दिलं. त्याची जनुकं जंतूकडे एका फाजमार्फत येतात, हे १९९६ मध्ये कळलं. मोठ्या साथी माणसांबरोबर प्रवास करतात, हे जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालंय. पण त्याच हैतीत तीन वर्षं एकही रोगी नोंदला गेला नाही आणि २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पटकी परतली. सापडलेला जंतू २०१०च्याच वंशातला निघाला. तो पाण्यात दडून होता की लक्षणं नसलेल्या माणसांतून गुपचूप फिरत होता, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. ‘साथ ओसरली, विषय संपला’ या म्हणण्याला मात्र दोन्हीकडून आधार मिळत नाही. ‘बाहेरच्यांनी आणली’ म्हणताना बोट वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या माणसांकडेच वळतं, याचंही मला वाईट वाटतं. दूषित पाणी सगळ्यात आधी त्यांच्याच वाट्याला येतं.

आता फडकं. सुटा जंतू एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो कापडातून आरपार जातो, हे खरंच आहे. पण कोपेपॉड जात नाही, आणि कोपेपॉडाला चिकटलेला जंतू त्याच्याबरोबर वरच अडकतो. निरोगी माणसाला पटकी व्हायला एरवी खूप मोठ्या संख्येने जंतू पोटात जावे लागतात, कारण जठरातलं आम्ल त्यांना मारतं. कोपेपॉड गाळून निघाले की ती संख्या गाठणं अवघड होतं. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात ६५ गावांमध्ये हे करून पाहिलं गेलं. जुन्या सुती साडीच्या घड्या घालून निदान चार पदर करायचे आणि त्यातून पाणी ओतायचं. जुनीच साडी हवी, कारण वापरून धागे फुगलेले, विसविशीत झालेले असतात आणि भोकं लहान होऊन साधारण २० मायक्रॉनवर येतात. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले: साडीने गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी घटली.

आपल्याकडे हे नवीन नाही. नारू, म्हणजे कातडीतून बाहेर येणारा तो लांब जंत, याच सायक्लॉप्सच्या पोटातून माणसात यायचा. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांमध्ये ‘पाणी गाळून प्या’ हे घरोघर जाऊन सांगितलं गेलं, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. माझी आजी हंड्याच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधायची. तिला कोपेपॉड माहीत नव्हता, पण ती अडवत होती तोच.

म्हणून एवढंच करा. गाळलेलं पाणी उकळा, ते जमत नसेल तर क्लोरिनचं औषध टाका. गाळण्यामुळे टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गरज संपत नाही. उलट कोपेपॉडाला चिकटलेल्या जंतूंपर्यंत क्लोरिन नीट पोचत नाही, म्हणून आधी गाळून मग क्लोरिन. गावचे जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का ते बघणारी चाचणी, करतात की नाही, ते विचारा. आणि फडकं विहिरीच्या काठावर पिळू नका, जे वर अडवलंत ते पुन्हा खाली जाईल. ते गाळलेल्या पाण्याने लांब नेऊन खळबळा आणि कडक उन्हात वाळत घाला.