बारा व्होल्ट आहे ना, काही होत नाही!

“ताई, बारा व्होल्ट आहे, काही होत नाही.” हे वाक्य यापुढे आमच्या फाटकाच्या आत जो कोणी उच्चारेल, त्याला त्याच्याच वायरने सोनचाफ्याला बांधून ठेवणार आहे मी. वायरमन म्हणतो. दुकानदार म्हणतो. माळीमामा म्हणतात. नवरा तर म्हणतोच. काही होत नाही म्हणे! मग कुंपणाकडचे लाइट मिणमिणतात का? पायऱ्यांचे लुकलुकतात का? मोगऱ्याजवळच्या लाइटच्या काचेआड पाणी साचलंय ते काय आम्ही हौसेने भरलंय?

बागेतल्या लाइटसाठी लो व्होल्टेज, म्हणजे बारा व्होल्ट, घेतलं ते पूर्ण विचार करून, हे आधीच सांगते. नाशिकला रो-हाऊस आहे, मागे आणि बाजूला मिळून बागेची एक पट्टी. तिथे पोरं अनवाणी हुंदडतात, रोज पाइपने पाणी घातलं जातं, पावसाळ्यात चिखल होतो. अशा मातीत २३० व्होल्टची वायर पुरायची माझी तयारी नव्हती आणि आजही नाही. १२ व्होल्टने कोणाला शॉक बसत नाही, हे खरंच आहे. पण तेवढ्यावरून सगळ्यांनी ठरवून टाकलंय की मग वायर कसलीही चालते, जॉइंट कसाही चालतो, टेप गुंडाळली की संपलं. अहो, नेमकं उलटं आहे! घरातल्या वायरिंगमध्ये जो गलथानपणा वर्षानुवर्षं खपून जातो, तो इथे पहिल्या आठवड्यात उघडा पडतो.

साधा हिशोब आहे, शाळेतला. पाच वॅटचे आठ लाइट, म्हणजे ४० वॅट. घरच्या २३० व्होल्टवर हेच ४० वॅट चालवायला ०.१७ अँपिअर लागतात. १२ व्होल्टवर? ३.३ अँपिअर. वीसएक पट करंट! आणि वायर कोणती टाकली आमच्या वायरमनदादांनी? ०.७५ एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर), दोन कोरची, बारकी. २५ मीटर लांब, जायची-यायची मिळून ५० मीटर, सगळं तांबं धरलं तरी त्याचा रेझिस्टन्स सव्वा ओहमच्या वर. २३० वर त्यात पाव व्होल्टसुद्धा खर्च होत नाही. १२ वर सगळे लाइट टोकाला असते तर चार व्होल्ट वाटेतच गेले असते. आमचे वाटेत विखुरलेत म्हणून जरा कमी जातात, तरी शेवटच्या लाइटवर मीटर दहाच्या आसपास दाखवतो. पंगतीत शेवटच्या पानापाशी येईतो आमटीच्या पातेल्यात नुसतं पाणी उरावं, तशी त्या कुंपणाकडच्या लाइटची गत.

“दहा काय आणि बारा काय, दोनचाच तर फरक!” हे आमच्या घरातल्या बँक ऑफिसरचं मत. स्वस्तातल्या १२ व्होल्टच्या लाइटमध्ये तीन-तीन एलईडी ओळीने जोडलेले असतात, प्रत्येकाला तीनेक व्होल्ट लागतात. नऊ तिथेच संपले. वरच्या तीन व्होल्टवर करंट किती जायचा ते ठरतं. तिनाचा एक व्होल्ट उरला की करंट एक-तृतीयांश. म्हणून कुंपणाकडे उजेड पडत नाही, नुसता लाइट असल्याचा पुरावा दिसतो.

यावर दादांनी काय उपाय केला माहितीये? एसएमपीएसवर, म्हणजे २३० चे बारा व्होल्ट करणाऱ्या डब्यावर, टर्मिनलशेजारी एक चिमुकला स्क्रू असतो, आउटपुट थोडं वरखाली करायला. तो दादांनी पिळला. तेरापर्यंत नेला. “बघा ताई, वाढला का नाही उजेड?” वाढला ना! वरांड्यालगतच्या दोन लाइटचा तर इतका वाढला की महिनाभरात ते काळे पडले. टोकाच्या लाइटला जेमतेम बळ द्यायचं म्हणून दाराशी असलेल्या लाइटना भाजून काढायचं, ही कुठली रीत? वायर जाड टाका म्हटलं तर म्हणे, “अडीचची? बारा व्होल्टला अडीचची कोणी टाकतं का?” टाकतात हो. टाकायलाच पाहिजे. गिझरला जाड वायर लागते ती करंटमुळे, गिझर दिसायला मोठा म्हणून नाही! नाहीतर सरळ २४ व्होल्टचे लाइट घ्यायचे; करंट निम्मा, आणि टक्क्यांत बघितलं तर नुकसान चौथ्या हिश्शावर. पण आमच्याकडच्या दुकानात २४ मागितलं की माणूस असा बघतो जणू मी विमानाचा सुटा भाग मागितलाय. शिवाय ती बारकी वायरसुद्धा धड तांब्याची नाही. ब्लेडने खरवडली तर आत पांढरी! अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. वर लिहिलेला एमएमचा आकडा कितीही खरा असला तरी आत अॅल्युमिनियम म्हटल्यावर रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त. वजनाला हलकी लागते तेव्हाच ओळखायचं.

आता टेस्टरची गंमत. लाइट बंद पडले म्हणून बोलावलं. आले. खिशातून टेस्टर काढला, निऑनचा, ज्यावर बोट ठेवतात तो. एसएमपीएसच्या आउटपुटला लावला. पेटला नाही. “ताई, सप्लायच येत नाहीये. एसएमपीएस गेला.” अहो, त्या टेस्टरमधला निऑन पेटायलाच साठ-सत्तरच्या वर व्होल्ट लागतात! बारावर तो जन्मात पेटणार नाही. चांगला चालू असलेला एसएमपीएस बदलायला निघाले होते. मी मल्टिमीटर आणून लावला, बारा दाखवले, तर दादा माझ्याशी न बोलता नवऱ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, सप्लाय आहे.” मीटर माझ्या हातात, वायरचा नकाशा मी काढलेला, बिल मी भरणार, आणि रिपोर्ट साहेबांना! साहेबांनी मान डोलावली. साहेबांना प्लस-मायनस विचारा कुठलं ते.

पण माझा खरा राग आहे तो टेपवर. काळी, चकचकीत, दहा-वीस रुपयांची इन्सुलेशन टेप. या देशात मातीखाली काय काय केवळ त्या टेपच्या भरवशावर पुरलंय, देव जाणे. दोन तारा पिळायच्या, टेप गुंडाळायची, वर माती लोटायची. ही टेप पाण्यासाठी नाही! मे महिन्यात तिचा गोंद विरघळतो, जूनमध्ये ती सुटते. पाणी नुसतं जॉइंटवर थांबत नाही, तारेच्या बारीक धाग्यांमधून ते वायरच्या आत चढत जातं. मी कापून बघितली, जॉइंटपासून वीतभर आतपर्यंत तांबं काळंहिरवं. त्यातून हा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. ओल्या जागी प्लसची तार आधी खाल्ली जाते, मायनसची बरी राहते. उकरलं तर प्लसच्या जागी हिरवी भुकटी.

आणि असा सडका जॉइंट शोधून काढणं म्हणजे छळ. लाइट काढून ठेवलेला असतो, टोकाला मीटर लावला की बारा! पूर्ण बारा. म्हणजे वायर चांगली, लाइट खराब, असंच कोणालाही वाटणार. नवा लाइट आणून जोडायचा, तोही मिणमिणतो. कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. एक धागा शाबूत असला तरी तो इमानदारीत बारा दाखवतो. लाइट जोडलेला ठेवून, पेटलेला असताना मोजायला लागतं. मग तेच बारा सातवर येऊन बसतात. हे मोजताना एका हातात बॅटरी, एका हातात मीटर, गुडघे चिखलात, आणि वरांड्यातून सूचना, “अगं, जेवायला ये, उद्या बघ!” उद्या दिवसा काय बघू? दिवसा उजेड कमी-जास्त कळतो का?

त्यात आमची माती काळी. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर. दर वर्षी ही माती पुरलेल्या वायरला ओढते आणि सोडते. पिळलेला जॉइंट किती दिवस तग धरणार? वायर पाइपातून घ्या म्हणून मी सांगितलं होतं. घेतली, फक्त दिसते तेवढीच. फरशीच्या बाजूला छान पाइप, मोगऱ्याच्या वाफ्यात नुसती वायर, चार बोटं खोल. माळीमामांची कुदळ त्याहून खोल जाते, आणि त्यात त्यांचा काय दोष? तिथे वायर आहे हे त्यांना सांगितलं कोणी? घुशींचं तर विचारूच नका. कुंपणाजवळ बिळं आहेत, वायर आडवी आली की कुरतडतात. २३० ची असती तर एकदा तरी धडा मिळाला असता मेलीला.

वाईट याचं वाटतं की एवढं सगळं होऊन कुठे काही ट्रिप होत नाही. घरातल्या वायरला ओल लागली की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो, निदान कळतं तरी. इथे एसएमपीएसच्या पलीकडचं त्याला दिसतच नाही. पूर्ण शॉर्ट झालं तर एसएमपीएस चालू-बंद, चालू-बंद करत बसतो आणि सगळी बाग डिस्को. अर्धवट शॉर्ट झालं तर मग आणखी पंचाईत. दुकानदाराने “जास्तच असलेला बरा” म्हणून २० अँपिअरचा एसएमपीएस गळ्यात मारला. म्हणजे त्या बारक्या वायरमधून पंधरा अँपिअर वाहत राहिले तरी एसएमपीएस म्हणणार माझं सगळं झकास! वायर तापणार, प्लास्टिक वितळणार, आणि एसएमपीएस कुठे? लाकडी कपाटाच्या मागे. शॉक बसत नसेल, आग लागू शकते ना! प्रत्येक लाइनला एकेक फ्यूज टाका म्हटलं तर दादा हसले. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात ब्लेड फ्यूजचा होल्डर मिळतो, चहा-वड्याच्या पैशात. मीच आणला.

आणि धूळ-पाणी किती रोखतं ते सांगणारे लाइटवरचे ते आयपीचे आकडे! आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा चालेल. पाण्यात बुडलेलं चालेल असं कुठे म्हटलंय? त्याला ६७ लागतो, एक मीटर पाण्यात अर्धा तास. वाफ्यात टोचलेला स्पाइक लाइट आमच्या पावसात तळ्यात उभा असतो. त्यातून संध्याकाळी लाइट तापतो, वरून थंडगार सर येते, आतली हवा आकसते आणि वायर जिथून आत जाते त्या फटीतून पाणी ओढून घेते. काच कितीही घट्ट असू दे. ग्लँड, म्हणजे वायरभोवती आवळून बसणारं बूच, नीट पिळला असता तर हे झालं नसतं, पण ग्लँडच दिला नव्हता, रबराची टिकली होती. पुण्याला बहिणीला सांगून विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून धड ग्लँड आणि आत गोंद असलेलं हीट श्रिंक (गरम केलं की आकसून बसणारी नळी) मागवलं तेव्हा कुठे चार जॉइंट मनासारखे झाले. आणि पाणी गेलेला लाइट घेऊन दुकानात गेले तर वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं, पाणी गेल्यास वॉरंटी लागू नाही. बागेतल्या लाइटची वॉरंटी! मग कशाने बिघडल्यावर लागू होते, ऊन जास्त झाल्यावर?

टायमरचं एका वाक्यात सांगते, वीज दोन तास गेली की चकतीवाला टायमरही दोन तास मागे, त्यामुळे लोडशेडिंगच्या दिवसांत आमची बाग पहाटेच उजळलेली असते.

बाबा म्हणतात, “एक ट्यूब लावली असती भिंतीवर.” बाबांना मी काही बोलत नाही. पण सोलर लावा म्हणणाऱ्यांना बोलणार आहे. लावले होते! आत करंगळीएवढा सेल, त्याने दिवसभर ऊन खायचं. जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणू? आणि ऊन असतं तेव्हा वर सोनचाफ्याची सावली. साताला लागायचे, जेवणं होईपर्यंत मालवायचे. सेल बदलावा तर टोपण चिकटवलेलं.

तर आता अडीचची वायर आणून ठेवलीय, खऱ्या तांब्याची, खरवडून बघून घेतलीय. जॉइंट सगळे जमिनीच्या वर, बॉक्समध्ये घ्यायचे. पाइप शेवटपर्यंत. सकाळी दादांना फोन केला तर म्हणतात, “ताई, पाऊस उघडला की येतो.” अहो, पाऊस उघडला की दोन दिवसांत सगळं वाळतं आणि निम्मे लाइट आपोआप लागतात. मग तुम्ही येऊन बटण दाबणार, लाइट लागणार, आणि मी तुम्हाला दाखवू काय?